विल्यम्स की डिमॅजिओ?

१९४१ च्या बेसबॉल हंगामात अमेरिकन लीगमध्ये दोन पराक्रम शेजारी शेजारी घडले. न्यूयॉर्क यँकीजचा सेंटर फील्डर जो डिमॅजिओ १५ मेपासून १६ जुलैपर्यंत सलग ५६ सामन्यांत किमान एक तरी हिट मारत राहिला. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. बॉस्टन रेड सॉक्सचा लेफ्ट फील्डर टेड विल्यम्स याने हंगाम संपवला तो ०.४०६ च्या बॅटिंग सरासरीने. अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगांपुरतं बोलायचं तर ०.४०० ची रेषा त्यानंतर कोणीही ओलांडलेली नाही. (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या निग्रो लीगची आकडेवारी २०२४ मध्ये अधिकृत नोंदीत धरली गेली. तिथे जॉश गिब्सनची १९४३ ची सरासरी ०.४६६ आहे.) हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू कोण, यावर क्रीडापत्रकारांनी मतं दिली तेव्हा डिमॅजिओला २९१ गुण मिळाले आणि विल्यम्सला २५४. हा वाद तेव्हापासून चालू आहे. तो सोडवायचा कसा, ते या लेखात पायरी पायरीने पाहू. निकालही देणार आहे, तो टाळणार नाही.

आधी प्रश्न पक्का करून घ्यायला हवा. ‘थोर कोण’ या एका प्रश्नात तीन प्रश्न लपलेले असतात. बॅट हातात असताना कोण सरस? एका हंगामात संघाला जास्त सामने कोणी जिंकून दिले? आणि सगळी कारकीर्द तोलली तर पारडं कुठे झुकतं? वाद घालणारे यातल्या एका प्रश्नावर हरायला लागले की हळूच दुसऱ्यावर सरकतात. विल्यम्सवाले सरासरी काढतात, डिमॅजिओवाले यँकीजची विजेतेपदं काढतात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून तिन्ही प्रश्न एकेक करून घेऊ आणि शक्य तिथे एकाच मापात मोजू. ते माप म्हणजे धावा.

बेसबॉल न पाहिलेल्यांसाठी थोडी ओळख. क्रिकेटमधली सरासरी सांगते, की बाद होण्यामागे किती धावा झाल्या. बेसबॉलमधली सांगते, की प्रयत्नांपैकी किती सफल झाले. बेस चार असतात, ते फिरून घरी परतलं की एक धाव. चेंडू मारून सुखरूप बेस गाठला की ती हिट. दहातले तीन प्रयत्न सफल करणारा बॅटर उत्तम गणला जातो, आणि तेच ०.३०० असं लिहितात. पण पाळी आलेल्या बॅटरला आणखी एक वाट असते. पिचरने ठरावीक पट्ट्याबाहेर चार चेंडू टाकले आणि बॅटरने ते सोडून दिले तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. हा ‘वॉक’. बॅटिंग सरासरी वॉक मोजतच नाही. ना सफल ना असफल, ती पाळी जणू झालीच नाही. आणि दुसरी गोष्ट : नऊ इनिंग्जच्या सामन्यात एका संघाचे एकूण २७ जण बाद व्हायचे असतात. ते झाले की खेळ खलास. त्यामुळे बॅटरने काय केलं याइतकंच तो किती वेळा बाद झाला हेही महत्त्वाचं ठरतं.

आता १९४१ ची वही उघडू. विल्यम्स : ४५६ प्रयत्न, १८५ हिट, १४७ वॉक, तीन वेळा चेंडू अंगावर लागून बेस. या हिशेबाने पाळ्या ६०६ आणि त्यातल्या ३३५ वेळा तो बेसवर पोचला. डिमॅजिओ : ५४१ प्रयत्न, १९३ हिट, ७६ वॉक, चार वेळा चेंडू अंगावर. ६२१ पाळ्या आणि २७३ वेळा बेसवर. भागाकार केला की विल्यम्सचं बेसवर पोचण्याचं प्रमाण येतं ०.५५३ आणि डिमॅजिओचं ०.४४०. डिमॅजिओचा आकडाही दणकट आहे, पुष्कळ बॅटरांना आयुष्यात एकदाही तो गाठता येत नाही. पण विल्यम्स मैदानात उतरला की तो बाद होण्यापेक्षा बेसवर जाण्याचीच शक्यता जास्त होती. हे सहा महिने चाललं होतं.

उलट बाजूने पाहिलं तर विल्यम्स २७१ वेळा बाद झाला आणि डिमॅजिओ ३४८ वेळा. फरक ७७ चा. पळताना बाद झालेले वगैरे यात धरलेले नाहीत, पण चित्र तेवढ्याने बदलत नाही. हे ७७ बळी बॉस्टनच्या इतर बॅटरांना वापरायला मिळाले. त्या काळी एक संघ सामन्याला साधारण पावणेपाच धावा करायचा. ७७ बळी म्हणजे जवळजवळ तीन सामन्यांचा पुरवठा, म्हणजे तेरा-साडेतेरा धावा. या धावा विल्यम्सच्या नावावर कुठेच लिहिलेल्या नाहीत.

बेसवर पोचणं झालं. किती लांब पोचतो, हे उरलं. होम रनला चार बेस, ट्रिपलला तीन, डबलला दोन, साध्या हिटला एक, अशी बेरीज केली तर विल्यम्सचे ३३५ बेस होतात आणि डिमॅजिओचे ३४८. म्हणजे एकूण बेस डिमॅजिओचे जास्त, पण त्याला त्यासाठी ८५ प्रयत्न जास्त लागले. बिल जेम्स या आकडेशास्त्र्याने या दोन्ही बाबी एकत्र बांधणारं एक साधं सूत्र दिलं आहे. हिट आणि वॉक यांची बेरीज घ्या, तिला एकूण बेसनी गुणा, आणि प्रयत्न अधिक वॉक यांनी भागा. उत्तर येतं ते त्या बॅटरने घडवलेल्या धावांचं. विल्यम्ससाठी ३३२ गुणिले ३३५ भागिले ६०३, म्हणजे १८४ धावा. डिमॅजिओसाठी २६९ गुणिले ३४८ भागिले ६१७, म्हणजे १५२ धावा.

बत्तीस-तेहेतीस धावांचा फरक, वर त्या वाचवलेल्या बळींच्या तेरा. पण इथे जरा थांबावं लागतं, कारण हे सूत्र अचाट बॅटरांना झुकतं माप देतं. ते मुळात संपूर्ण संघासाठी चांगलं चालतं. एका खेळाडूला लावलं की त्याचा गुणाकार असा होतो, जणू विल्यम्स बेसवर उभा आहे आणि त्याला घरी आणायला मागून पुन्हा विल्यम्सच येतो आहे. प्रत्यक्षात मागून दुसराच कोणी यायचा. तेव्हा फरक थोडा उतरवून घ्यावा. उतरवला तरी तो मोठाच राहतो, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळतं : बॅट हातात असताना विल्यम्स सरस.

मग त्या ५६ सामन्यांचं काय? ती मालिका मला फार आवडते आणि तिच्यामुळेच बहुतेक लोकांचा हिशेब चुकतो. डिमॅजिओची त्या वर्षीची सरासरी ०.३५७. सामन्यात चार प्रयत्न धरले तर एकही हिट न मिळण्याची शक्यता म्हणजे ०.६४३ चा चौथा घात, सुमारे १७ टक्के. म्हणजे कोणत्याही एका सामन्यात हिट मिळण्याची शक्यता ८३ टक्के. हे सलग ५६ वेळा जमायला ८३ टक्क्यांचा ५६ वा घात घ्यायचा. उत्तर छत्तीस हजारांत एक. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी बेसबॉलमधल्या सगळ्या चढत्या-पडत्या मालिका तपासल्या. बाकी सगळ्या योगायोगाच्या नियमात बसल्या, एवढी एक बसली नाही. जीवाश्मशास्त्रज्ञ आणि लेखक स्टीफन जे गूल्ड यांनी ते लिहून ठेवलं आहे.

आता हेच गणित विल्यम्सला लावून पाहा. सरासरी ०.४०६, पण सामन्यामागे प्रयत्न जेमतेम ३.२, कारण पिचर त्याला चेंडूच देत नव्हते. एका सामन्यात किमान एक हिट मिळण्याची शक्यता येते ८१ टक्के. डिमॅजिओपेक्षा कमी! पन्नास गुणांनी जास्त सरासरी असलेला माणूस अशा मालिकेसाठी कमी लायक ठरतो, कारण प्रत्येक वॉक म्हणजे हिटची एक संधी गेली. हिटची मालिका चेंडू सोडणाऱ्याला शिक्षा करते. सामने जिंकण्याच्या दृष्टीने मात्र चेंडू सोडणं हा गुण आहे. हिटऐवजी नुसतं बेसवर पोचणं मोजलं तर सलग सामन्यांचा विक्रम विल्यम्सकडे जातो : १९४९ मध्ये ८४ सामने. तो फार थोड्यांना ठाऊक असतो.

डिमॅजिओच्या त्या ५६ सामन्यांतली सरासरी ०.४०८ होती. त्याच दिवसांत विल्यम्सची होती ०.४१२. अर्थात यँकीजने त्या काळात ४१ सामने जिंकले आणि १३ गमावले, चौथ्या क्रमांकावरून वर आले, आणि पत्रकारांच्या डोळ्यांसमोर तेच होतं. १७ जुलैला क्लीव्हलंडमध्ये ६७ हजारांवर लोक मालिका बघायला आले होते. तिसऱ्या बेसवरच्या केन केल्टनरने बॅकहँडने दोन सणसणीत चेंडू अडवले आणि ती तुटली. दुसऱ्या दिवसापासून डिमॅजिओने पुन्हा सोळा सामने हिट मारल्या.

विल्यम्सचा हंगामातला शेवटचा दिवस २८ सप्टेंबरचा, फिलाडेल्फियात, एकाच दिवशी दोन सामने. सकाळी त्याची सरासरी ०.३९९५५ होती. कागदावर ती ०.४०० अशीच पूर्णांकित झाली असती. बसून राहायची मुभा होती, तो खेळला, आठात सहा हिट मारल्या. एक बारीक भर : बॅटर उंच मारून झेलबाद झाला पण त्या फटक्यावर धाव आली, तर आजच्या नियमात तो प्रयत्न धरत नाहीत. १९४१ मध्ये धरत असत. आजच्या नियमाने विल्यम्सची सरासरी ०.४१० च्या आसपास गेली असती.

दुसरा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण इथे बॅट खाली ठेवावी लागते. डिमॅजिओ सेंटर फील्डर होता. मैदानाचा सगळ्यांत विस्तीर्ण भाग त्याच्याकडे, आणि यँकी स्टेडियममधला तो भाग इतर मैदानांपेक्षाही मोठा. तो उंच झेलाखाली इतक्या सहज पोचायचा, की धावावंच लागलं नसेल असं बघणाऱ्याला वाटे. विल्यम्स लेफ्ट फील्डला. फेनवे पार्कमध्ये त्याच्या पाठीमागे ३७ फूट उंचीची भिंत असे, म्हणजे राखायला जागा थोडी. क्षेत्ररक्षणात त्याला रस कमीच होता. त्याच्या डाव्या हाताला, सेंटरला, जो डिमॅजिओचाच धाकटा भाऊ डॉम असायचा. तो चपळ होता आणि विल्यम्सच्या वाटचं बरंच धावायचा.

क्षेत्ररक्षणाचे त्या काळचे आकडे तोकडे आहेत. झेल किती, फेकी किती, चुका किती, एवढंच लिहिलेलं. चेंडू नेमका कुठे पडला, किती वेगाने आला, याची नोंद नाही. म्हणून आजचे अभ्यासक आधी जागेचीच किंमत ठरवतात. सेंटर फील्ड नीट सांभाळू शकणारे थोडे, लेफ्ट फील्ड सांभाळणारे पुष्कळ. त्यामुळे सेंटरवाल्याला एका हंगामात सुमारे दहा धावांचं जास्तीचं श्रेय मिळतं. वर डिमॅजिओ आपल्या जागेवरही सरासरीपेक्षा चांगला, बेसवरून पळण्यातही चांगला. त्या आणखी काही धावा.

मग मैदान. यँकी स्टेडियमची डावी-मधली हद्द ४५७ फुटांवर होती, म्हणजे जवळजवळ १४० मीटर. उजव्या हाताने खेळणाऱ्या डिमॅजिओचे सगळ्यांत जोरकस फटके नेमके तिकडेच जायचे आणि झेल होऊन संपायचे. कारकिर्दीत त्याने ३६१ होम रन मारले, त्यांपैकी घरच्या मैदानावर १४८ आणि बाहेर २१३. एवढ्या मोठ्या बॅटरचं घर त्याच्या इतकं मुळावर आलेलं क्वचितच दिसेल. त्याच यँकी स्टेडियमची उजवी हद्द मात्र २९५ फुटांवर होती, डावखुऱ्यांची चंगळ. विल्यम्स डावखुरा होता आणि खेळत होता बॉस्टनला. असं सांगतात, की दोन्ही संघांच्या मालकांनी एका रात्री पीत बसून या दोघांची अदलाबदल पक्की केली होती आणि सकाळी शुद्धीवर आल्यावर बेत मोडला. गोष्टीचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, कल्पना मात्र हुशारीची होती.

मैदानाचा परिणाम वगळायची सोपी युक्ती म्हणजे फक्त बाहेरचे सामने घ्यायचे. तिथे कारकिर्दीची सरासरी डिमॅजिओची ०.३३३ आणि विल्यम्सची ०.३२८. होय, डिमॅजिओ पुढे. होम रन विल्यम्सचे २७३, डिमॅजिओचे २१३, पण डिमॅजिओ एकूण सामनेच तीन-चतुर्थांश खेळला, तेव्हा वेग साधारण सारखा. विल्यम्सच्या आकड्यांत चाळिशीतले सामने आहेत आणि डिमॅजिओने सदतिसाव्या वाढदिवसाच्या आसपास खेळ सोडला, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही हे मान्य करावं लागतं, की घरचं अंगण बाजूला केलं तर चेंडूवर बॅट लागल्यानंतरची या दोघांची ताकद जवळपास एकच होती. शिवाय डिमॅजिओ हुकायचा फार थोडा. सगळ्या कारकिर्दीत तो ३६९ वेळा स्ट्राइकवर बाद झाला. (मारायला जाऊन हुकलेला किंवा पट्ट्यातून जाऊ दिलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, असे तीन झाले की बाद.) ३६१ होम रन आणि ३६९ स्ट्राइकआउट. आजचे बॅटर दोन-अडीच हंगामांत तेवढे होतात.

मग विल्यम्स पुढे कशाने? ज्या चेंडूंवर त्याने बॅट फिरवलीच नाही, त्यांनी. कारकिर्दीत त्याचे वॉक २०२१, डिमॅजिओचे ७९०. सामन्यामागे काढले तर विल्यम्सचे जवळजवळ दुप्पट. यामागे शिस्त होती. त्याच्या ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ या पुस्तकात एक प्रसिद्ध चित्र आहे. स्ट्राइकचा पट्टा ७७ चेंडूंनी भरलेला, आणि प्रत्येक जागी आलेला चेंडू मारला तर आपली सरासरी किती राहील याचा त्याने स्वतः केलेला अंदाज. मधोमध ०.४००. खाली बाहेरच्या कोपऱ्यात ०.२३०. म्हणजे पट्ट्यातलाही वाईट चेंडू मारायला गेलं तर विल्यम्सचा सामान्य बॅटर होतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन स्ट्राइक होईपर्यंत तो आपल्या आवडीच्या जागेची वाट बघे.

यावर त्याच्या काळातच टीका झाली आणि ती पोरकट नव्हती. तिसऱ्या बेसवर आपला माणूस उभा आहे, संघाला धाव हवी आहे, आणि संघातला सर्वोत्तम बॅटर दोन इंच बाहेरचा चेंडू सोडून चालत पहिल्या बेसवर जातो. म्हणजे काम मागच्या कमी वकुबाच्या माणसावर टाकतो. डिमॅजिओ असे चेंडू मारायचा. सहकाऱ्यांना घरी आणण्याचा त्याचा आकडा १७३६ सामन्यांत १५३७, विल्यम्सचा २२९२ सामन्यांत १८३९. सामन्यामागे डिमॅजिओ पुढे आहे. पण त्याच्यापुढे बेसवर माणसं भरलेली असण्यात यँकीजच्या इतर बॅटरांचाही वाटा होता. हजारो सामन्यांतून काढलेली किंमत अशी, की साधी हिट सरासरी अर्ध्या धावेच्या थोडी खाली, वॉक एक-तृतीयांश धावेचा, आणि बाद झालं की पाव धाव वजा. दोन इंच बाहेरच्या चेंडूवर ०.२३० च्या जागी आणखी घसरलेली शक्यता घेऊन बॅट फिरवायची, तर बहुतेक प्रसंगी सौदा तोट्याचाच होतो. नवव्या इनिंगमध्ये, दोन बाद असताना, बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर असेल तर मात्र टीकाकारांचं ऐकावं. असे प्रसंग हंगामात मोजके येतात.

हे सगळं एका आकड्यात आणणारं आजचं माप म्हणजे ‘वॉर’. सहज मिळू शकणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा या माणसाने संघाला किती जास्त विजय दिले, ते हे माप सांगतं. साधारण दहा धावांना एक विजय. १९४१ साठी विल्यम्स १० च्या थोडा वर आणि डिमॅजिओ ९ च्या आसपास येतो. बॅटिंगमध्ये दिसणारी चाळीसएक धावांची दरी मैदान, जागा आणि क्षेत्ररक्षण यांनी बुजत बुजत एका विजयावर आली. जुन्या नोंदींवरून केलेल्या अशा हिशेबात एका विजयाची चूक सहज निघू शकते. तेव्हा १९४१ चा पुरस्कार डिमॅजिओला देणाऱ्यांनी काही दरोडा घातला नव्हता. त्यांची कारणं कदाचित चुकीची होती, निकाल चालण्यासारखा होता.

१९४७ चा निकाल मात्र चालण्यासारखा नव्हता. विल्यम्सने त्या वर्षी तिहेरी मुकुट मिळवला, म्हणजे सरासरी, होम रन आणि सहकाऱ्यांना घरी आणणं या तिन्हींत लीगमध्ये पहिला : ०.३४३, ३२ आणि ११४. वर १६२ वॉक. डिमॅजिओचे आकडे ०.३१५, २० आणि ९७. पुरस्कार डिमॅजिओला, २०२ विरुद्ध २०१. यँकीज पहिले आले होते, बॉस्टन तिसरं, आणि विल्यम्सचं बॉस्टनच्या पत्रकारांशी वाकडं होतं. वॉरच्या मापात त्या वर्षीचा विल्यम्स जवळपास दुप्पट भरतो.

विजेतेपदांचा मुद्दा लवकर उरकता येतो. डिमॅजिओ तेरा हंगाम खेळला आणि नऊ वेळा वर्ल्ड सीरीज, म्हणजे दोन लीगांच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकला. विल्यम्स एकदाच तिथे पोचला, १९४६ मध्ये, पंचवीस प्रयत्नांत पाच हिट मारल्या आणि संघ सात सामन्यांत हरला. पण डिमॅजिओच्या संघात कधी लू गेरिग होता, कधी बिल डिकी, कधी फिल रिझुटो, आणि पिचर तर एकाहून एक. स्वतः डिमॅजिओची वर्ल्ड सीरीजमधली सरासरी ५१ सामन्यांत ०.२७१, त्याच्या नेहमीच्या ०.३२५ पेक्षा बरीच खाली. नऊ जणांच्या खेळात एक माणूस नऊपैकी एकच पाळी खेळतो. विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठ्या मोजून थोरपण ठरवायचं तर यँकीजचे राखीव खेळाडूही विल्यम्सच्या पुढे निघून जातील.

आता तिसरा प्रश्न, कारकिर्दीचा. यात दुसरं महायुद्ध येतं. १९४३ ते १९४५ हे तीन हंगाम दोघांचेही गेले. डिमॅजिओचे वयाच्या अठ्ठावीस ते तीस, विल्यम्सचे चोवीस ते सव्वीस. डिमॅजिओ सैन्यात बहुतेक बेसबॉलच खेळला. पण त्याच काळात इटलीहून आलेल्या त्याच्या आईवडिलांना ‘शत्रुदेशीय’ ठरवलं गेलं आणि कोळी असलेल्या बापाला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत मासे पकडायला बंदी झाली. ही गोष्ट त्याच्या आकडेवारीत येत नाही, पण त्याच्याविषयी बोलताना यावी असं मला वाटतं. विल्यम्स वैमानिक झाला, आणि १९५२ मध्ये पुन्हा बोलावणं आलं तेव्हा कोरियात त्याने ३९ मोहिमा उडवल्या. एकदा पेटलेलं विमान पोटावर उतरवलं. ते दोन हंगामही जवळपास गेले.

गेलेल्या वर्षांची भरपाई करायची पद्धत साधी आहे : आधीच्या आणि नंतरच्या हंगामांची सरासरी घ्यायची. विल्यम्सचे १९४२ मध्ये ३६ होम रन, १९४६ मध्ये ३८. तीन हंगामांचे शंभरावर झाले. कोरियातल्या काळाचे पन्नासएक धरले तर ५२१ चे पावणेसातशेच्या घरात जातात. डिमॅजिओचे १९४२ मध्ये २१, १९४६ मध्ये २५. तीन हंगामांचे सत्तर, म्हणजे एकूण ४३० च्या आसपास. युद्धाने दोघांचंही नुकसान केलं, पण ते परत दिलं तर अंतर कमी होण्याऐवजी वाढतं.

प्रत्यक्ष खेळलेल्या सामन्यांवर कारकिर्दीचं वॉर विल्यम्सचं सुमारे १२२ आणि डिमॅजिओचं सुमारे ७९. यावर रास्त आक्षेप असा, की विल्यम्स जास्त वर्षं खेळला म्हणून बेरीज मोठी दिसते. टाचेच्या दुखण्याने डिमॅजिओला लवकर थांबावं लागलं, तर विल्यम्स १९५७ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षात ०.३८८ मारत होता. म्हणून १५४ सामन्यांच्या हंगामामागे किती, ते काढू. डिमॅजिओ ७.०, विल्यम्स ८.२. उतारवयातले हंगाम धरूनही विल्यम्स दर हंगामी एका विजयाहून थोडा पुढेच राहतो.

एक गोष्ट दोघांच्याही खात्यावर सारखीच वजा करावी लागते. १९४७ पर्यंत या लीगांत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता, आणि त्यानंतरही यँकीजने १९५५ पर्यंत व बॉस्टनने १९५९ पर्यंत दार बंदच ठेवलं. सॅचेल पेजसारख्या पिचरसमोर त्याच्या भरातल्या वयात हे दोघे लीगच्या सामन्यात कधी उभेच राहिले नाहीत. १९६६ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये आपला सन्मान होत असताना विल्यम्सने भाषणात पेज आणि गिब्सन यांची नावं घेऊन त्यांनाही इथे आणावं असं सांगितलं. तेव्हा तसं फारसं कोणी बोलत नव्हतं.

माझा निकाल असा : बॅटर म्हणून विल्यम्स, कारकीर्द म्हणून विल्यम्स, १९४१ चा हंगाम बरोबरीत. हा निकाल फिरवायचा असेल तर एकच वाट मोकळी आहे, ती क्षेत्ररक्षणाची, कारण सगळ्यांत कच्चे आकडे तिथेच आहेत. ‘रेट्रोशीट’ या संस्थेचे स्वयंसेवक १९८९ पासून जुन्या सामन्यांचा पाळीगणिक वृत्तान्त जुन्या गुणपत्रिका आणि वर्तमानपत्रांतून जुळवत आहेत. त्यातून डिमॅजिओचं क्षेत्ररक्षण आजच्या अंदाजापेक्षा खूपच मोलाचं होतं असं दिसलं तर? हंगामामागे १.२ विजयांचं अंतर भरायला आजच्या हिशेबात धरलेल्या धावांवर आणखी बारा धावा दर वर्षी वाचवलेल्या निघायला हव्यात. एखाद्या हंगामात ते शक्य आहे. तेरा हंगाम सलग, टाच दुखत असतानाचे धरून, मला अवघड वाटतं. आणि ते निघालेच, तरी दर हंगामाची बरोबरी होईल. १७३६ आणि २२९२ यांच्यामधले साडेपाचशे सामने तेव्हाही विल्यम्सच्याच खात्यावर राहतील.